कापडावर न टिकलेला रंग

२०२० सालच्या सप्टेंबर महिन्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर सुरू झाली. आशाताई आणि त्यांच्यासोबतचे स्वयंसेवक घरोघरी फिरू लागले. एका हातात ताप पाहायचं यंत्र, दुसऱ्या हातात बोटाला लावायचा चिमटा. पल्स ऑक्सिमीटर हा शब्द त्याआधी खेड्यापाड्यांत फारसा कुणाला ठाऊक नव्हता. वर्षभरात तो पोराटोरांच्या तोंडी झाला. अठ्ठ्याण्णव आलं की घरातली माणसं सुस्कारा सोडायची, नव्वदच्या खाली आलं की गाडी शोधायची. आमच्या शिरपूर जैनमधल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना आपल्या रक्तदाबाचा आकडा सांगता येत नाही, पण ऑक्सिजन किती होता ते अजून आठवतं.

त्या चिमट्यात दोन बारीक दिवे असतात. एक लाल, तो डोळ्यांना दिसतो. दुसराही पेटलेला असतो, पण दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटच्या टोकालाही असाच दिवा असतो. रिमोटचं बटण दाबून ते टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरलं, तर बऱ्याच मोबाइलवर एक फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. डोळ्याला जे कळत नाही ते कॅमेऱ्याला कळतं. या प्रकाशाला आपण अवरक्त म्हणतो, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पुढे, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं, तापमापी ठेवला. पारा चढला. तिथून या न दिसणाऱ्या उजेडाची ओळख सुरू झाली.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. हा धडा आला की वर्गातलं एखादं पोरगं हमखास विचारायचं, “सर, जो उजेड दिसतच नाही त्याचा उपयोग काय?” प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर देण्यासाठी एका रंगाची गोष्ट सांगावी लागते. हा रंग मूळचा कापडासाठी निघाला, कापडावर टिकला नाही, फोटोच्या काचेवर गेला, तिथून माणसाच्या शिरेत शिरला आणि आता डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत बसून शरीराच्या आत काय चाललं आहे ते दाखवू पाहतो आहे.

आधी एक साधी गोष्ट. अंधारात टॉर्चवर तळहात ठेवला तर हात लालभडक दिसतो. टॉर्चचा उजेड पांढरा असतो, मग पलीकडे लालच का येतो? कारण रक्तातलं हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा उजेड गिळून टाकतं. तांबडा थोडा निसटतो. तांबड्याच्या पलीकडचा त्याहून जास्त निसटतो. अजून पुढे गेलं की शरीरातलं पाणी आड येतं आणि तोही उजेड शोषला जातो. रक्त आणि पाणी या दोन भिंतींच्या मध्ये एक खिडकी उरते. मोजमापात सांगायचं तर साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींची. १९७७ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स योब्सिस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की या खिडकीतून मेंदूतल्या आणि हृदयातल्या ऑक्सिजनची खबर बाहेरून घेता येते. खेड्यातला जुना डॉक्टर अंडवृद्धीची सूज पाण्यामुळे आहे की कशामुळे हे पाहायला मागून टॉर्च धरायचा, तेव्हा तोही याच खिडकीत डोकावत असे.

खिडकी सापडली. पण खिडकीतून पाहायचं काय? आत सगळं सारखंच दिसत असेल तर नुसत्या उजेडानं भागत नाही. ज्या जागेकडे पाहायचं तिथं एखादा दिवा लावता आला पाहिजे. हा दिवा म्हणजे स्वतःहून चमकणारा रंग.

आपल्या वऱ्हाडात पानमळे पुष्कळ. विड्याचं पान कुटून स्पिरिटमध्ये भिजवलं, गाळलं आणि त्या हिरव्या पाण्यावर नोटा तपासायचा जांभळा दिवा धरला, तर ते पाणी रक्तासारखं लाल चमकतं. पानातल्या हरितद्रव्याचा हा गुण. १८३३ साली स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी तो नोंदवून ठेवला आहे. हळदीची पूड स्पिरिटमध्ये घातली तर तीच तऱ्हा, फक्त चमक हिरवट पिवळी. असं का होतं याचा उलगडा १८५२ साली केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी केला. त्यांच्यासमोर होतं कोयनेल, आपल्याकडे हिवतापावर देत तेच कडू औषध. ते द्रव्य डोळ्याला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश घेतं आणि निळा प्रकाश परत देतं. घेतलेल्यापेक्षा दिलेल्याची लहर लांब असते, म्हणजे मधल्या मध्ये थोडी ऊर्जा खर्ची पडते. या गुणाला त्यांनी दिलेल्या नावाचं मराठी प्रतिदीप्ती. रेडियमसारखं अंधारात आपोआप चमकणं हे नव्हे. बाहेरून उजेड द्यावा लागतो. उजेड बंद, की चमक बंद.

आता रंगाकडे येऊ. १८५६ हे साल रंगांच्या इतिहासात फार मोठं. अठरा वर्षांच्या विल्यम पर्किननं लंडनमध्ये कोयनेल बनवण्याच्या खटपटीत डांबरापासून जांभळा रंग काढला, आणि कृत्रिम रंगांचा कारखानदारी जमाना सुरू झाला. त्याच वर्षी ग्रेव्हिल विल्यम्स या रसायनतज्ज्ञाच्या हाती एक सुंदर निळा रंग लागला. त्याला सायनिन म्हणतात. रेशमावर तो खुलून दिसायचा. पण त्यात एक खोट होती. उन्हात ठेवलं की रंग उडायचा. रंगाऱ्याच्या लेखी असा रंग कवडीमोलाचा. लुगडं दोरीवर वाळत घातलं आणि संध्याकाळी फिकं झालं, तर कोण घेणार?

पण उजेडानं जो रंग उडतो, तो उजेड धरून ठेवतो म्हणूनच उडतो, हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. ते बर्लिनच्या हेरमान फोगेल यांच्या लक्षात आलं. त्या काळच्या फोटोच्या काचा फक्त निळा, जांभळा प्रकाश ओळखायच्या. लाल फूल फोटोत काळं यायचं. १८७३ साली फोगेल यांना दिसलं, की काचेवरच्या लेपात थोडा रंग मिसळला तर तो रंग जो प्रकाश शोषतो, त्या प्रकाशाला काचही दाद देऊ लागते. मग सायनिन आणि त्याच्या भाऊबंदांना अचानक मोल आलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला, आणि पहाटेच्या तांबड्या उजेडात विमानातून शत्रूच्या खंदकांचे फोटो काढायला इंग्रजांकडे काचाच नव्हत्या. तेव्हा केंब्रिजमध्ये विल्यम पोप यांच्या हाताखाली हे रंग नव्यानं बनवण्याचं काम चाललं. त्यात फ्रान्सिस हॅमर नावाच्या तरुण संशोधक बाई होत्या. सायनिन रंगांवरचा मोठा ग्रंथ त्यांनी १९६४ साली लिहिला. पुढे कोडॅकच्या प्रयोगशाळेत या रंगांच्या रेणूची साखळी लांबवत नेली गेली. साखळी लांबली की रंग तांबड्याकडे सरकतो, अजून लांबली की तांबड्याच्याही पलीकडे जातो. अशा रंगांनी अवरक्त फोटोची फिल्म तयार झाली.

या गोष्टीला आपल्या बाजूचाही एक धागा आहे. वऱ्हाडचा कापूस आगगाडीनं मुंबईला जायचा, गिरण्यांत त्याचं कापड व्हायचं आणि ते रंगवायचा रंग यायचा जर्मनीहून, इंग्लंडहून. कापूस आपला, मजूर आपला, रंग परका. मुंबई विद्यापीठानं १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला, जगात जो यूडीसीटी म्हणून ओळखला गेला तो, त्यामागे गिरण्यांची ही गरज होती. १९३८ साली डॉ. के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे त्यांचे पहिले दोन खंड १९५२ साली प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या रंगतज्ज्ञांच्या टेबलावर जाऊन बसले. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. रंगाची विद्या परक्यांकडून उसनी घ्यायची गोष्ट राहू नये, यासाठी या माणसानं महाराष्ट्रातल्या दोन संस्थांत आयुष्य घातलं. पुण्याकडे आपण पुन्हा येऊ.

शरीरात रंग सोडून पाहण्याची कल्पना जुनी आहे. आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली फ्लुओरेसिन नावाचा हिरवा चमकणारा रंग बनवला. १८७७ साली जर्मनीत डॅन्यूब नदी जिथं जमिनीत मुरते तिथं दहा किलो रंग ओतला, आणि सुमारे अडीच दिवसांनी तो आख नदीच्या झऱ्यातून हिरवागार बाहेर आला. दोन पाण्यांचं नातं जमिनीखालून सिद्ध झालं. १८८२ साली पॉल एर्लिख यांनी हाच रंग सशाच्या डोळ्यातलं पाणी कसं वाहतं ते पाहायला वापरला. १९६१ साली अमेरिकेत हॅरॉल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड ॲल्व्हिस या वैद्यकीच्या दोन विद्यार्थ्यांनी तो हाताच्या शिरेत टोचून डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. मधुमेहाच्या रुग्णाला आज डोळ्याचा डॉक्टर पिवळ्या इंजेक्शनचा फोटो काढायला सांगतो, तो हाच. डोळ्यात हे जमतं, कारण डोळा पारदर्शक आहे. बाकीच्या शरीरात हिरवी चमक रक्तातच विरून जाते.

म्हणून खिडकीत बसणारा रंग हवा होता. तो आला वेगळ्याच कामासाठी. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडतं ते मोजायचं होतं. शिरेत रंग टोचायचा, कानाच्या पाळीवर दिवा आणि प्रकाश मोजायचा डोळा लावायचा, आणि रंग किती वेळात येतो आणि किती वेळात ओसरतो ते पाहायचं. पण रक्तातला ऑक्सिजन कमीजास्त झाला की रक्ताचा रंगच बदलतो आणि मोजमाप चुकतं. ८०० नॅनोमीटरच्या आसपास मात्र एक जागा अशी आहे, जिथं ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं रक्त सारखाच उजेड शोषतं. नेमका तिथं उजेड शोषणारा रंग कुठे मिळेल? मेयोचे आयर्विन फॉक्स आणि अर्ल वुड यांनी कोडॅककडे विचारणा केली. फोटोच्या रंगांच्या कपाटातून जो निघाला, त्याचं नाव इंडोसायनिन ग्रीन. १९५९ साली अमेरिकेच्या औषध खात्यानं त्याला मान्यता दिली. रेशमावर न टिकलेल्या निळ्या रंगाचा हा पणतू.

आता चिमट्याची गोष्ट पुरी करतो. जपानच्या निहोन कोडेन कंपनीत ताकुओ आओयागी नावाचे अभियंते हेच मोजमाप नुसत्या कानावरून नीट कसं घेता येईल यावर काम करत होते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रंगाची रेघ थरथरायची. ती थरथर घालवायला त्यांनी दोन लहरींचा उजेड वापरला. थरथर गेली, पण रक्तातला ऑक्सिजन उतरला की परत यायची. ज्याला आपण अडथळा समजतो आहोत त्यातच ऑक्सिजनचा आकडा दडला आहे, हे त्यांनी ओळखलं. रंग बाजूला ठेवला आणि १९७४ साली पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं. १८ एप्रिल २०२० रोजी ते वारले. सारं जग बोटाला चिमटे लावून बसलं होतं ते दिवस.

इंडोसायनिन ग्रीनचा दुसरा गुण असा, की ते ८०० च्या आसपासचा उजेड घेतं आणि त्याहून थोड्या लांब लहरीचा उजेड परत देतं. म्हणजे अवरक्तात चमकतं. त्या भागात शरीराची स्वतःची चमक जवळजवळ नसते. पौर्णिमेच्या चांदण्यात दूरच्या शेतातला कंदील ओळखू येत नाही, अमावास्येला ठळक दिसतो, तसं. १९७०च्या दशकात त्यानं डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. २००५ साली जपानी शल्यविशारदांनी ते स्तनाच्या कर्करोगात वापरल्याचं प्रसिद्ध केलं.

इथं मला माझ्या थोरल्या बहिणीबद्दल बोललं पाहिजे. १९९८ साली ताईच्या स्तनात गाठ निघाली. एका मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली. त्या काळच्या रीतीप्रमाणे काखेतल्या झाडून साऱ्या लसिकाग्रंथी काढल्या. आजार गेला. पण वर्षभरात तिचा उजवा हात सुजायला लागला. काखेतल्या गाठी म्हणजे हातातलं जास्तीचं पाणी निचरण्याच्या मोऱ्या. मोऱ्याच काढल्यावर पाणी साचणारच. हात खांबासारखा झाला. भाकरी थापणं गेलं, निंदायला जाणं गेलं. संक्रांतीला कासारीण आली की ताई डाव्या हातातच बांगड्या भरून घ्यायची आणि उजवा पदराखाली ठेवायची. डॉक्टरांनी केलं ते त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे बरोबरच होतं, आणि त्यामुळेच ती पुढे तेरा वर्षं जगली. पण एकदा तिनं मला विचारलं, “काउन रे भाऊ, सगळ्याच गाठी काढा लागत होत्या काय? त्यातल्या कितीत रोग होता?” तपासणीच्या कागदावर उत्तर होतं. एकाही गाठीत नव्हता.

हा प्रश्न जगभरच्या हजारो बायांचा होता. त्याचं उत्तर असं निघालं. कर्करोग पसरतो तेव्हा तो स्तनातून निघालेल्या वाटेवरच्या पहिल्या गाठीत आधी येतो. या गाठीला आपण पहारेकरी म्हणू. पहारेकरी सापडला आणि तो निरोगी निघाला, तर मागच्या गाठींना हात लावायची गरज नाही. १९९२ साली डोनल्ड मॉर्टन यांनी त्वचेच्या कर्करोगात निळा रंग टोचून असा पहारेकरी शोधून दाखवला. १९९४ साली अरमांडो जुलियानो यांनी तेच स्तनाच्या बाबतीत केलं. निळा रंग मात्र कातडी उघडल्याशिवाय दिसत नाही. किरणोत्सारी द्रव्य वापरावं तर त्याला वेगळी यंत्रणा आणि परवाने लागतात. इंडोसायनिन ग्रीन अवरक्त कॅमेऱ्याला कातडीवरूनच वाट दाखवतं. टोचलं की थोड्या वेळात पडद्यावर एक उजळ रेघ काखेकडे सरकताना दिसते.

मग एवढं जमल्यावर नॅनोकण कशाला? कारण या रंगाचे दोष त्याच्या पणजोबाचेच आहेत. तो उजेडात टिकत नाही. पाण्यातही हळूहळू मोडतो. रक्तात सोडला की तिथल्या प्रथिनांना चिकटतो आणि यकृत त्याला इतक्या झपाट्यानं उचलतं, की तीन-चार मिनिटांत निम्मा रंग नाहीसा होतो. शिवाय तो लहान. पहारेकऱ्यापाशी न थांबता पुढच्या गाठींतही निसटतो. आणि कर्करोगाच्या पेशीला ओळखून तिथंच बसावं ही अक्कल त्याच्यात नाही. म्हणून २००४ च्या आसपास निरनिराळ्या प्रयोगशाळांनी एक युक्ती धरली. रंगाचे रेणू एखाद्या बारीक कुपीत बंद करायचे. कुपी काचेच्या जातीची सिलिका असेल, विरघळणाऱ्या टाक्याच्या धाग्याच्या जातीचं प्लास्टिक असेल, नाहीतर चरबीचा फुगा. तिच्या पाठीवर ओळख पटवणारा रेणू जोडायचा. आत रंग सुरक्षित, बाहेर पत्ता लिहिलेला.

कुपी किती बारीक, ते सांगतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. रक्तातली तांबडी पेशी सुमारे सात हजार नॅनोमीटर रुंद. सात नॅनोमीटरचे हजार कण ओळीनं मांडले तर एका तांबड्या पेशीची रुंदी भरते.

२००४ साली अमेरिकेत जॉन फ्रँजिओनी, मौंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वांटम डॉट नावाचे चमकणारे स्फटिककण डुकराला टोचून, कातडीखाली सुमारे एक सेंटिमीटर खोल असलेली पहारेकरी गाठ कॅमेऱ्यावर दाखवली. बावेंडी यांना क्वांटम डॉटसाठीच २०२३ सालचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. पण अशा बऱ्याच कणांत कॅडमियमसारखं विषारी धातू असतं. माणसाच्या शरीरात ते कसं सोडायचं? याच गटानं २००७ साली एक मोलाचं माप काढलं. कण साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान असेल तर मूत्रपिंड त्याला गाळून लघवीवाटे बाहेर टाकतं. त्याहून मोठे कण यकृतात आणि प्लीहेत अडकतात, किती दिवस ते सांगता येत नाही. पाहुणा आला, काम करून गेला, तर बरा. मुक्कामच ठोकला तर पंचाईत.

हे ध्यानात ठेवूनच कॉर्नेल विद्यापीठाच्या उलरिख वीझनर यांनी सिलिकाचे कण बनवले. पोटात सायनिन रंग, बाहेर सिलिकाचं कवच. २००५ साली त्यांचं वर्णन छापून आलं. पुढे त्यांचा आकार सहा-सात नॅनोमीटरपर्यंत उतरवला, शरीरानं परका समजू नये म्हणून वर आणखी एक मऊ आवरण चढवलं. २०११ साली माणसांवर चाचणीची परवानगी मिळाली आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या पाच रुग्णांवरचा अहवाल आला. कण मूत्रपिंडावाटे बाहेर पडले, अपाय आढळला नाही. २०२१ साली डोक्या-मानेच्या त्वचाकर्करोगात याच कणांनी पहारेकरी गाठी शोधल्याचं प्रसिद्ध झालं. पाच रुग्ण म्हणजे थोडे वाटतील, पण जिथं पाऊल चुकलं तर माणूस जातो तिथं असंच चालावं लागतं.

आता पुण्याकडे वळू. वेंकटरामन यांच्या एनसीएलमध्ये २००४ साली डॉ. मुरली शास्त्री यांच्या गटानं एक गमतीदार काम केलं. गवती चहाची पानं पाण्यात उकळली, गाळली आणि त्या पाण्यात सोन्याचा क्षार घातला. सोन्याचे चपटे त्रिकोणी कण तयार झाले. ‘नेचर मटेरिअल्स’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. लेखकांत एस. शिवशंकर, बालाप्रसाद अंकमवार, अबसार अहमद आदी मंडळी होती. या त्रिकोणी कणांचा विशेष असा, की ते नेमका अवरक्त प्रकाश शोषतात. ते चमकत नाहीत, तापतात. पण शरीराची खिडकी तीच. परसातल्या गवती चहानं, तीव्र रसायनांशिवाय, असे कण घडवले, याचं जगभर कौतुक झालं. आयआयटी मुंबईत डॉ. रोहित श्रीवास्तव यांच्या प्रयोगशाळेतही अवरक्त प्रकाशानं तापून गाठ जाळणाऱ्या आणि शरीरात विरघळून जाणाऱ्या कणांवर काम झालं आहे. यूडीसीटीतून शिकून अमेरिकेत गेलेले समीर मित्रगोत्री यांनी २००६ साली दाखवून दिलं, की शरीरातल्या भक्षक पेशी कणाला गिळतात की नाही हे कणाच्या आकारमानाइतकंच त्याच्या घडणीवर, पेशीला त्याची कुठली बाजू भिडते यावर ठरतं. गिरण्यांच्या रंगासाठी उघडलेल्या शाळेचा विद्यार्थी रक्तातल्या कणांचा विचार करतो, हा काही योगायोग नाही. रंग असो की औषध, बारीक कण द्रवात कसा वागतो हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

इतकं सांगितल्यावर कुणी म्हणेल, मास्तर, हे सारं न्यूयॉर्कचं आणि पुण्या-मुंबईचं. मालेगाव तालुक्यातल्या बाईला याचं काय? अवरक्त कॅमेरा महाग, रंगाची कुपी महाग, नॅनोकण तर अजून बहुतेक चाचण्यांतच. रुग्णालयांतून रोज वापरलं जातं ते सुटं इंडोसायनिन ग्रीन. कर्करोगाच्या पेशीला ओळखून चिकटणारा एक अवरक्त रंग, पॅफोलेसियानिन, अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०२१ साली मान्य झाला, तोही सुटा रेणूच.

हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचं सर्वांत चांगलं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं दिलं आहे. डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की पहारेकरी गाठ काखेत साधारण कुठे असते हे शल्यविशारदाला ठाऊक आहे. मग काखेतून आडव्या जाणाऱ्या एका ठरावीक मज्जातंतूच्या खालचा भाग तेवढा काढून तपासला तर? रंग नको, किरणोत्सार नको, कॅमेरा नको. एकाच बाईत दोन्ही पद्धती वापरून त्यांनी तुलना केली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निळा रंग आणि किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेल्या शोधापेक्षा ही बिनखर्चाची पद्धत उणी पडली नाही. तालुक्याच्या गावाजवळचा शिकलेला सर्जनही ती करू शकतो.

मग चमकणाऱ्या कणांची गरजच संपली का? मला तसं वाटत नाही. हाताला कळतं तिथं हातानं करावं. पण मूठभर पेशींची गाठ, आतड्याच्या जोडाला रक्त पोचतं आहे की नाही, शस्त्रक्रियेत नकळत तुटू शकणारा मज्जातंतू, या गोष्टी हाताला कळत नाहीत. तिथं हा दिवा लागेल. टाटाचं काम आपल्याला नव्या रंगाकडे पाहायची कसोटी देतं. साध्या पद्धतीपेक्षा तो जास्त काय दाखवतो? काम झाल्यावर शरीरातून निघून जातो का? आणि ज्याला त्याची गरज आहे त्याला तो परवडतो का? तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला तर त्या कणासाठी खर्च करावा. एकही नकार आला तर प्रयोगशाळेत परत पाठवावा. पाठवलेला रंग वाया जातोच असं नाही. सायनिनला लायक काम मिळायला शंभर वर्षं लागली.

ताई २०११ साली गेली, वयोमानानं. तिच्या नातीच्या वयाच्या मुली आज तपासायला जातात, तेव्हा काखेत जितकं लागेल तितकंच कापतात का, हे डॉक्टरांना विचारण्याचा त्यांना हक्क आहे. ‘पहारेकरी गाठ आधी तपासणार का?’ एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, आणि चांगला डॉक्टर अशा प्रश्नावर रागावत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)